चिंचेतले खिळे

८ जानेवारी
आजपासून गिरणी आमची. जागा भाड्याची, पण दारावरची पाटी आमची: 'प्रीतम सॉ मिल, कंधार रोड'. माझं नाव कुठे गेलं, असं मी विचारलं. नवरोबा म्हणाले, 'बुद्धप्रिया' लिहायचं तर पत्रा वाढवावा लागेल. नांदेडच्या नोकऱ्या सोडून दोघं आलोय, त्यामुळे असल्या विनोदालाही हसू येतं.

जुने मालक गुलाम रसूलचाचा किल्ल्या द्यायला आले होते. जन्म गेला त्यांचा या आऱ्यापुढे, आता हात थरथरतात. चहा घेताना माझ्या बशीत भुसा उडून पडला. मी काढायला गेले तर म्हणाले, राहू दे बेटी, चहात भुसा पडला म्हणजे गिरणीनं तुला ओळखलं. जाताना सांगून गेले की व्यंकटीमामाला सोडू नका. तो आरा चालवतो आणि कमी बोलतो, दोन्ही गुण दुर्मीळ.

पत्र्याच्या शेडला लागून ऑफिसची एक खोली आहे. खिडकी नाही, पण दाराला सागाचा जाड अडसर आहे. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचं. अंगणभर ताज्या लाकडाचा वास. मला इथे आवडलंय.

२१ जानेवारी
काम जमून राहिलं होतं. निलंग्याच्या एकाला बैलगाड्यांसाठी बाभूळ हवी होती, ती पोचली. आज मात्र जीव जाता जाता राहिला. कडुनिंबाच्या ओंडक्यात कुठल्याशा भरती क्लासच्या पाटीचा खिळा राहिला होता. आऱ्याचा पट्टा त्यावर आपटून तुटला आणि प्रीतमच्या कानाजवळून सणसणत भिंतीवर आदळला. मी पट्ट्याचे तुकडे गोळा करत होते, तर व्यंकटीमामा म्हणाले, "मालक वाचले की. पट्ट्याचं काय घेऊन बसलाव, ताई?"

मग मी नियम केला. तपासल्याशिवाय एकही ओंडका आऱ्यावर चढणार नाही. उरुसाच्या गर्दीत पोलीस अंगावरून फिरवतात तसलं यंत्र मागवलंय. लोखंड असलं की ते चिरकतं. चिरकलं की जंबुरानं खिळा उपटायचा, मगच कापायचं.

६ फेब्रुवारी
रस्ता रुंदीकरणात पाडलेली जुनी चिंच लिलावात आम्हाला मिळाली. निजामाच्या काळातली म्हणतात. खोड दोघांच्या कवेत मावत नाही. यंत्र फिरवलं तर ते थांबेचना. सगळ्या खोडात खिळे, लोहाराच्या हातचे, जाड डोक्याचे.

व्यंकटीमामा लांबूनच म्हणाले, हे खिळ्याचं झाड हाय, आपल्याला नको. त्यांच्या गावात कुणाला बाहेरची बाधा झाली की त्याच्या केसांची बट खिळ्याला गुंडाळून चिंचेत ठोकत. बाधा तिथंच खिळून राहते, माणूस मोकळा होतो. म्हणून चाचा असलं झाड फुकटसुद्धा घेत नसत. पट्टा तुटतो, एवढंच ते गिऱ्हाइकाला सांगत.

आमच्या घरात असल्या गोष्टींना कधी थारा नव्हता. आईबाबांनी बावीस प्रतिज्ञा नुसत्या पाठ केल्या नव्हत्या. मी मामांना म्हटलं, लोखंड ते लोखंड, काढलं की संपलं. त्यावर त्यांनी विचारलं, "खिळा काढला, तर त्यो बाहेरचा बसंल कुठं?"

त्यांनी हात लावला नाही. खिळे मी आणि प्रीतमनंच उपटले, आलटून पालटून. चिंचेत लोखंड मुरलं की लाकूड निळंकाळं पडतं, तसे मोठे डाग होते. प्रत्येक खिळ्याखाली केस. इतक्या जुन्या झाडातले केस काळे आणि मऊ कसे राहिले, ते कळलं नाही. खिळे चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवले. भंगारात देऊ.

११ फेब्रुवारी
चिंच कापून झाली. नांदेडच्या मटणाच्या दुकानांना ठोकळे गेले. चिंचेच्या ठोकळ्यावर सुरीची धार टिकते. आरा आज मी चालवला. मामा चाचांना भेटायला गेले होते, अगदी आजच.

१६ फेब्रुवारी
आंब्याच्या फळीत निळाकाळा डाग निघाला. आंब्यात खिळा नव्हता, यंत्र चिरकलं नव्हतं. दुपारी बाभळीतही तसाच डाग. पट्टा धुतला, तेल बदललं. फरक नाही.

१९ फेब्रुवारी
भंगारवाला आला म्हणून डबा उचलला तर हलका लागला. झाकण घट्ट होतं, मीच दाबून लावलेलं. आत निम्मेच खिळे. मामांवर शंका घेतली. ते म्हणाले, त्या डब्याच्या सावलीलासुद्धा मी उभा राहत न्हाई. मला लाज वाटली.

२१ फेब्रुवारी
आंघोळीनंतर प्रीतमच्या बरगडीवर डाग दिसला. मार लागल्यासारखा, पण दुखत नाही. निळाकाळा. गंमत म्हणून त्यानं यंत्र छातीवरून फिरवलं.
चिरकलं.
दोघंही हसलो. मग हसणं थांबलं.

२२ फेब्रुवारी
विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात नेऊन एक्स-रे काढला. बरगडीच्या आत खिळा. जाड डोक्याचा. वर जखम नाही, साधा ओरखडाही नाही. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, पडलात का, मशीनवर काही झालं का. खिळा काळजाकडे सरकतोय असं त्यांना वाटतं. ऑपरेशन लवकर करा म्हणाले.

मामांना सांगितलं. ते खाली बसले. काढू नका म्हणाले. खिळा हाय तवर त्यो आत गप हाय, खिळा काढला की मालक त्याचे. आधी झाड शोधा, त्यात परत ठोका. पण झाड कुठे आहे? आम्ही गेलो तिथे. चिंचेचा खुंटसुद्धा जेसीबीनं मुळासकट उकरून नेलाय, तिथे खडी पडलीय.

प्रीतम भिऊन राहिला होता. मला म्हणाला, तू सांगशील तसं करू.
मी सांगितलं, लोखंड ते लोखंड. काढून टाकू.

२६ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. ट्रेमधला खिळा मी पाहिला. त्याला एक केस गुंडाळलेला होता.
प्रीतम शुद्धीवर आला, माझ्याकडे बघून गोड हसला. देवाची— नाही, डॉक्टरांची कृपा.

३ मार्च
घरी आणलंय. भूक चांगली आहे. चहात मुठीनं भुसा टाकून पितो. टाके ओढून बघतो, दुखत नाही म्हणतो.
मला 'प्रिया' म्हणत नाही. 'बाई' म्हणतो.
विचारत होता, ठोकळे कुठल्या कुठल्या दुकानांत गेले.
मामांनी दारातून त्याला पाहिलं आणि तसेच मागे फिरले. जेवणाचा डबाही इथेच टाकून. जाताना मला खुणेनं बोलावलं होतं. मी गेले नाही. नवऱ्याला कसं सोडू? हात तर त्याचाच आहे. खिळे उपटताना आलेल्या फोडाचा वण अजून तसाच.

५ मार्च
पत्तीचा डबा उघडला. रिकामा.
सकाळी त्यानं यंत्र आणून माझ्या अंगावरून फिरवलं. पाठीवर चिरकलं. मानेवर. बरगड्यांवर, खाली पोटावर— थांबलंच नाही. चिंचेवर थांबलं नव्हतं तसं.
आरशात पाठ पाहिली. पुढे लिहवत नाही.
तो रडत होता. आनंदानं. म्हणाला, आमची सगळी माणसं हायत तुझ्यात.

त्याच दिवशी, दुपार
आज गिरणी बंद. तरी आरा सुरू केलाय त्यानं. ऐकू येतोय.
मी ऑफिसच्या खोलीत. अडसर लावलाय. फोन मागच्या खोलीत राहिला. वाट एकच, आऱ्यासमोरून—
दाराबाहेर आलाय. एकदम प्रीतमच्या आवाजात बोलला. प्रिया, उघड. माझा हात अडसरावर गेला होता. तेवढ्यात दुसराच आवाज, म्हातारा, मग एका बाईचा, मग—
भिंतीवरून यंत्र फिरवतोय. मी सरकते तिथे चिरकतं. कोपऱ्यात आले. चिरकतं.
अडसर हलतोय. जंबूर वाजतोय त्याच्या हातात.
समजावतोय मला, अगदी हळू, मीच शिकवल्यासारखं— तपासल्याशिवाय आऱ्यावर चढवणार न्हाई म्हणतो, अंग ढिलं सोड बाई, खिळे आधी काढून घेऊ, न्हाईतर पट्टा