उत्तरेच्या भिंतीवरची कुशा

राहू,
१ फेब्रुवारी २०२५

चि. धनश्री हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

रांजणगावच्या कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं काढल्यावर माझ्या कानांनी राजीनामा दिला, म्हणून फोन सोडून हे पत्र. मांडवगणच्या जुन्या कलाशाळेत आता वेल्डिंग, वायरिंग शिकवणार आणि तू तिथली मॅडम होणार, हे कळल्यापासून तुझी मामी पेढे वाटत सुटली आहे. मलाही आनंद आहे. तरी मी जिथं चित्रं शिकलो तिथं मशिनी येणार, म्हणून जीव थोडा तुटतो.

एक काम आहे. हॉलच्या उत्तरेच्या भिंतीवर जाणाऱ्या बॅचनं चित्र काढायचं आणि जूनमध्ये नव्या मुलांनी त्यावर चुना मारायचा, अशी आमच्या मास्तरांची रीत होती. चित्राचा मोह धरू नका म्हणायचे. मी तुझ्या आईला, आपल्या कुशाला काढलं होतं. माणसाएवढी, ओट्यावर पाय सोडून बसलेली. जूनमध्ये नव्या मुलांच्या मदतीला गेलो आणि तिच्यावर चुना मीच मारला. कुशा तेव्हा घरी धडधाकट होती. भिंतीवरची गेली तर काय बिघडलं, असं वाटलं. पुढं तीन वर्षांत ती गेली, तू सात महिन्यांची होतीस. तिचा एकही फोटो नाही. मशिनींसाठी ती भिंत पाडणार असं ऐकलं, त्याच्या आत चुना खरवडून बघ, पोरी. तुला आईचा चेहरा दिसावा एवढीच इच्छा आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं नसतं तर मीच आलो असतो.

लोभ आहेच, तो जुना होऊ देऊ नकोस.
तुझा,
मल्हारीमामा

मांडवगण फराटा,
११ फेब्रुवारी २०२५

ती. मल्हारीमामांस,
धनश्रीचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस कशातच लक्ष लागलं नाही. कॉन्ट्रॅक्टर जयसिंग म्हणाला, मॅडम, सोमवारी भिंत पाडायची हाय, लेथ मशीन कवाच गेटवर आलीया. मी शनिवार-रविवार मागून घेतला आणि पुट्टीचं पातं घेऊन बसले. चुन्याचे किती पापुद्रे, मामा! एका थरात बैल, एकात कुणाचं तरी लग्न. मग हिरव्या लुगड्याचा काठ दिसला आणि मी पातं ठेवून नखानंच खरवडायला लागले.

रागवू नका. चेहरा नाही. कुणा वायरमननं पाइपासाठी तिथंच खोबण पाडली होती. गळ्यापासून वर सगळं गेलंय. मी तिथंच खाली बसून खूप रडले.

पण पाय शाबूत होते. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. मी चप्पल काढून माझा पाय शेजारी टेकवला. वडिलांकडची आजी म्हणायची, असले पाय आपल्या घरात कुणाचेच न्हाईत, कुठनं आणलेस गं? एकतीस वर्षांची झाले, मामा, आणि मी कुणासारखी तरी आहे हे मला परवा कळलं.

काल भिंत पडली. मला बघवलं नाही. त्याआधी चित्राचा फोटो काढला, तो सोबत ठेवला आहे. मामींना नमस्कार.

आपली माया अशीच राहू द्यावी.
आपली,
धनश्री

राहू,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. धनश्री हिस,
अनेक आशीर्वाद.

फोटो पोचला. मामीनं तो देवापाशी ठेवला होता, मी उचलून उशीखाली घेतला.

तुझ्याशी खोटं बोललो, ते आता सांगतो. चेहरा तुला दिसावा म्हणून लिहिलं, पण तो मलाच आठवत नव्हता. सख्ख्या बहिणीचा. आवाज आठवतो, बांगड्या आठवतात, रागावली की पदर कसा खोचायची ते आठवतं. चेहऱ्यापाशी आलं की सगळं पांढरं होतं. हे कुणाला सांगायची लाज वाटायची, म्हणून तुझं नाव पुढं केलं.

काल मामीला धाडून वहीचे जाड कागद आणि पेन्सिली मागवल्या. ह्या वयात काय हे थेर, म्हणाली, पण टोक तिनंच करून दिलं. हात कापतो, रेघ सरळ येत नाही.

रविवारी ये. पाय सोडून ओट्यावर बस. मी पायांपासून सुरुवात करतो. वर कुठपर्यंत जमतंय ते बघू.

वाट बघतो, लोभ असू दे.
तुझा,
मामा