राणी गेली त्या दिवशी

प्रिय संयोगिता,

तुझे फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. तुझा आवाज कापरा झाला की मी हो म्हणून मोकळी होते, म्हणून आज लिहायला बसले.

तू एकदा विचारलं होतंस, इंग्लंडची राणी वारली तेव्हा आई, तू एवढी का रडलीस? मी कायमची बडोद्याला येऊन तेव्हा वर्षच झालं होतं. इथल्या हरणी भागातल्या घरात गवार मोडत होते. शेजारची कोमल दारातूनच म्हणाली, "मासी, तमारी राणी गुजरी गई!" तिला गंमत वाटत होती. मला मात्र हुंदका आवरेना.

तुझ्या बाबांबरोबर इंग्लंडात लेस्टरला गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नागरिकत्वासाठी वकिलापुढे राणीशी निष्ठेची शपथ घेतली. पुढे सुट्टीत इथे आले, तर माझे वडील जेवता जेवता म्हणाले, "आपल्या घराण्यानं गायकवाड सरकारांच्या गादीची शपथ घेतलेली." एवढंच. मग आमटी भुरकत राहिले.

राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आमच्या गल्लीत टेबलं मांडली होती. मी शंकरपाळे नेले. कधी न बोलणाऱ्या शेजारणीने दोनदा मागून घेतले. त्याच आठवड्यात कुणीतरी आमच्या खिडकीवर दगड मारला. काचा भरल्या आणि मोज्यांच्या कारखान्यात पाळीला गेले. तिचं राज्य म्हणजे मला हे दोन्ही आठवतं. पुढे इस्पितळातलं कपडे धुण्याचं काम, तू, बाबांचं आजारपण, मग तुझा केयूर. तुला सकाळी कामावर जायचं असायचं, म्हणून रात्री रडला की मीच उठायची. तक्रार नाही, जीव आहे तो माझा.

राणी मात्र नोटेवर, टपालाच्या तिकिटावर, तशीच नीटनेटकी. वाटायचं, ही थकत नाही तर मी कोण थकणारी? आणि मग टीव्हीवर दाखवलं, जायच्या दोनच दिवस आधी ती काठी टेकत नव्या पंतप्रधानांना भेटायला उभी होती. हात काळानिळा पडलेला. शहाण्णव वर्षांची बाई. तिला कुणी म्हणालं असेल का, बस आता? मी तिच्यासाठी नाही रडले गं.

तुला पुन्हा दिवस गेलेत, खूप आनंद झाला. पण तू पाठवलेलं विमानाचं तिकीट कोमलकडून रद्द करून घेतलंय. मी येणार नाही. गुडघे सोडले तर आजार नाही काही. दमलेय. हे तुझ्या कधी लक्षात आलं नाही आणि मीही दाखवलं नाही, म्हणून आता स्पष्ट लिहिते. रागावशील, रागाव. बाळ जरा मोठं झालं की त्याला घेऊन इकडे ये. तेल लावीन, मऊ भात भरवीन. रात्री मात्र तूच उठायचंस.

तुझीच,
आई