पूजेतला रोटर

मी, खाली सही करणारा शरच्चंद्र विश्वनाथ खांबेटे, वय वर्षे बासष्ट, मूळचा नागपूरचा, हल्ली राहणार भवानीपूर, कलकत्ता, रेल्वेच्या गार्डन रीच येथील कचेरीतून निवृत्त, आज आपण होऊन, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. छातीचे दुखणे आहे आणि डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली आहे; डोके मात्र शाबूत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात खोटे लिहिले असते.

माझी एकुलती मुलगी सौ. सुचित्रा, जावई मनोहरराव यांच्यासह राहणार बराकपूर, हीच माझी वारस. ती सात वर्षे आपल्या आईवर, म्हणजे माझी पत्नी कै. कालिंदी हिच्यावर, रागावलेली आहे. तो राग चुकीच्या माणसावर आहे आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तो जिथला तिथे पोचवावा म्हणून हा कागद. बाकीची वाटणी निमित्तमात्र. तरी कागद कायद्याला धरून असावा म्हणून आधी वस्तू.

कलम १. राहते घर भाड्याचे आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. पोस्टातली शिल्लक आणि कालिंदीचे दागिने सुचित्राला. दागिन्यांच्या डबीत एक वाळका गजरा आहे, तो फेकू नये. का, ते कलम ५ मध्ये आहे.

कलम २. माझे मित्र श्री. श्यामकांत दाभाडे, शाळामास्तर, यांनी १९४८ साली माझा मोटारीचा जॅक नेला तो परत केलेला नाही. विचारले की म्हणतात, ‘‘खांबेटे, तुमची गाडी जागची हलत नाही, तुम्हांला जॅक कशाला?’’ हा टोमणा मी आजवर माफ केलेला नव्हता. आता जॅक त्यांनाच दिला. त्यांचे म्हणणे खरे होते.

कलम ३. आमच्या गल्लीतल्या पूजा कमिटीशी माझे भांडण होते. दुर्गापूजेचा मंडप गल्लीच्या तोंडाशी पडतो. माझी गाडी निघेल इतकी नऊ फूट वाट मोकळी ठेवा, म्हणून मी दरवर्षी स्वतः टेप घेऊन उभा राहत असे. पोरे चिडत, ‘‘शरतबाबू, पालाबेन कोथाय?’’ म्हणून विचारत. कुठे पळून जाणार, असा अर्थ. पण वाट ठेवत. १९५० सालीही ठेवली होती, बरोबर नऊ फूट. त्यांच्यावर माझी काही तक्रार नाही. माझी टेप त्यांना मंडपाच्या कामासाठी द्यावी.

कलम ४. ऑस्टिन मोटार, १९३८ सालची, काळी, चार दारांची. हिच्याबद्दल सविस्तर लिहावे लागेल.

डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यावर बॉम्ब पडले तेव्हा आम्ही खिदिरपूरला राहत होतो. सगळे शहर हावड्याकडे लोटले. मी रेल्वेचा माणूस, खिशात पास. वाटले, आपल्याला कोण अडवतो? वडील, कालिंदी आणि अकरा वर्षांची सुचित्रा यांना घेऊन फलाटावर गेलो. दोन दिवस डब्याच्या दाराला हातसुद्धा लागला नाही. वडील थंडीत जमिनीवर बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला आणि आठवड्यात ते गेले. तेव्हा मी ठरवले की पुन्हा माझ्या घरची माणसे दुसऱ्याच्या गाडीसाठी ताटकळणार नाहीत. पुढच्याच वर्षी ही ऑस्टिन घेतली.

ती हौसेसाठी नव्हती. मागचे स्प्रिंगचे पाटे दोन-दोन वाढवून घेतले. टपावर लोखंडी कॅरियर, दोन जादा चाके, मागच्या सीटखाली पेट्रोलची दुसरी टाकी आणि बाहेर पाण्याची कॅनव्हासची पिशवी. सगळे काम गोपेश्वर कर्मकार मिस्त्रीने केले. उभी करताना तोंड नेहमी रस्त्याकडे. ऑगस्ट १९४६ मध्ये शहर पेटले तेव्हा आम्ही भवानीपुरात राहायला आलो होतो; या गाडीने तीन खेपांत अकरा माणसे खिदिरपूरमधून भवानीपुरात आणली. त्यांत गोपेश्वरची म्हातारी आई होती. तो आजही येता-जाता बॉनेटला हात लावून कपाळाला लावतो. मलाही त्या दिवसापासून गाडीपुढे काही दिसेनासे झाले.

कलम ५. गाडीतले सामान: कंदील, दोर, औषधांची पेटी, सुरू करण्याचे हँडल, पितळी डबा. डब्याबद्दल सुचित्राला सांगायला नको. त्यात चिवडा आणि लाडू असत. कालिंदी दर महिन्याला ताजे भरी आणि जुने घरात वाढी. ‘‘आमच्या घरी ताजा लाडू गाडी खाते,’’ असे सुचित्रा मैत्रिणींना सांगत असे.

दर रविवारी सकाळी आठ वाजता कवायत असे. मी शिटी वाजवायची. तिघांनी आपापली बोचकी घेऊन ठरलेल्या जागी बसायचे, मी रोटर (तो काय, ते कलम ६ मध्ये) बसवून इंजिन सुरू करायचे आणि घड्याळ पाहायचे. तीन मिनिटे दहा सेकंद हा आमचा उच्चांक. मग इंजिन बंद करायचे, रोटर काढायचा आणि उतरायचे. पेट्रोल रेशनवर होते. पुढे ते सुटले तरी माझ्या डोक्यातले रेशन सुटले नाही.

कालिंदी कवायतीला नवी साडी नेसून, गजरा माळून येई. मला वाटे, बायकांना कसली वेळ कळत नाही. तिला गाडीत बसायला मिळे ते तेवढेच, हे मला ती गेल्यावर उमगले. एकदा ती म्हणाली, ‘‘अहो, सुरू झालीच आहे तर एस्प्लनेडपर्यंत जाऊन येऊ की. दिवे बघू, परत येऊ.’’

मी म्हणालो, ‘‘सकाळी आठला कुठले दिवे?’’

‘‘मग संध्याकाळी जाऊ.’’

‘‘ही गाडी फिरायची नाही.’’

तिने पुन्हा विचारले नाही. गजरा मात्र माळत राहिली. डबीतला गजरा शेवटच्या रविवारचा आहे.

कलम ६. रोटर. हा अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो इंजिनातल्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाखाली बसतो. नसला तर गाडी सुरू होत नाही. कोणी गाडी पळवू नये म्हणून लढाईच्या दिवसांत तो काढून जवळ ठेवायची पद्धत होती. माझी ती सवय राहिली. रोटर मी देव्हाऱ्यात ठेवत असे. देवावर विश्वास म्हणून नव्हे, तिथे कोणी सहसा हात घालत नाही म्हणून.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते आणि पूजेत मांडलेले हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचे नाही, ही रीत. १९५० साली खंडेनवमीच्या सकाळी मी पक्कड, पान्हे, हँडल आणि रोटर पाटावर मांडले. कालिंदीने हळदकुंकू वाहिले, झेंडू ठेवला आणि पुरणाला बसली. दहाच्या सुमारास ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर छाती धरून बसली. घाम सुटला होता. सुचित्रा डॉक्टरांना आणायला धावली. जाताना ओरडून गेली, ‘‘बाबा, गाडी काढा!’’ डॉक्टर पूजेसाठी गावी गेले होते. ती दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली, तेही नव्हते. ती परत येईपर्यंत घरात आम्ही दोघेच होतो.

सुचित्रा, तू बाराव्या-तेराव्यानंतर मला विचारलेस, ‘‘गाडी का नाही काढलीत?’’ मी म्हणालो, ‘‘तुझी आईच म्हणाली, पूजेतलं उचलू नका.’’ तुला लगेच पटले, कारण आई देवभोळी होतीच. त्या दिवसापासून तू देव्हारा बंद केलास. आईच्या सोवळ्याने आईला मारले, असे तू मनोहररावांना सांगितलेस, आणि आपल्या मुलीला आजीचे नाव ठेवायचे तेव्हा ते नको म्हणून मालती ठेवलेस. तुझ्या घरात आईचा फोटो नाही. बारशाला मी ते पाहिले आणि जेवून परत आलो.

तुझी आई तसे म्हणाली नव्हती. ती म्हणाली ते हे: ‘‘अहो, उचला ते. कुंकू पुसलं की झालं. देवाला काय, आपलं घर माहीत नाही का?’’

पूजेतले उचलायचे नाही, असे मी म्हणालो. देवावर विश्वास नसलेला मी. तेही खरे कारण नव्हते. त्या वर्षी वसंतात शहरात पुन्हा दंगली झाल्या होत्या. मला वाटले, ही वाताची कळ असेल, ओवा खाल्ला की जाईल. आणि नवमीच्या गर्दीत गाडी अडकली आणि इकडे शहरात काही झाले, तर? दोन्ही टाक्या भरलेल्या होत्या. त्या मी संकटासाठी राखल्या होत्या. मला भोंगा वाजवीत येणारे संकट तेवढे ओळखता येत होते. उंबऱ्यावर घाम पुसत बसलेले ओळखता आले नाही.

तू परत आल्यावर तिला तुझ्याजवळ ठेवून मी टॅक्सी आणायला गेलो. पाऊण तास हिंडलो. रस्त्यात माणसांखेरीज काही नव्हते. शेवटी हातरिक्षा मिळाली. तिला तुझ्या मांडीवर टेकवून बसवले आणि मी बाजूने धावत होतो. आपण माझ्या नऊ फुटांच्या मोकळ्या वाटेने बाहेर पडलो. ती गेली तेव्हा इस्पितळ अर्धा मैल राहिले होते.

रोटर बसवायला हत्यारसुद्धा लागत नाही. दोन क्लिपा सोडायच्या, टोपण उचलायचे आणि अंगठ्याने दाबायचा. कवायतीत मला वीस सेकंद लागत.

कालिंदीने घरी किंवा रिक्षात तुला काहीच सांगितले नाही. तिला मला सांभाळून घ्यायचे होते की बोलायचे त्राणच नव्हते, हे मला कळलेले नाही. सात वर्षे मी यावर विचार करतो. आधी जिवंतपणी तिला नेले नाही आणि मेल्यावर माझी चूक तिच्या माथी मारली. याची क्षमा मागायची तर जिच्याकडे मागायची ते माणूस राहिलेले नाही.

तेव्हापासून गाडी सुरू केलेली नाही. देखभाल मात्र चुकवली नाही, कारण दुसरे काही मला येत नाही. दर रविवारी आठ वाजता पुसतो, हँडल मारून इंजिन फिरवतो म्हणजे तेल खेळते राहते. बॅटरी महिन्याला गोपेश्वरच्या गॅरेजात चार्ज होते. पेट्रोल बदलतो. गेल्या वर्षी नवे टायर घातले. गोपेश्वर म्हणाला, ‘‘बाबू, जाना कहाँ है, ये तो बताइए.’’ रोटर पाटावर होता तसा, हळदकुंकवासकट, रुमालात बांधून ठेवला आहे. पितळी डबा सात वर्षे उघडलेला नाही.

कलम ७. गाडी, रोटर आणि डबा सुचित्राला. अट घालण्याचा मला हक्क नाही. विनंती आहे की गाडी राखून ठेवू नये. मंडईला न्यावी, मालतीला मैदानावर न्यावी, बिनकामाची फिरवावी. जादा टाकी काढून टाकावी. डबा घासून वापरावा आणि त्यातला लाडू पहिल्या दिवशीच खावा. माझे प्रेत गाडीतून नेऊ नये. खांदा देणारे चार मिळाले तर ठीक, नाहीतर हातरिक्षा चालेल.

कलम ८. व्यवस्थापक म्हणून मनोहररावांना नेमतो. माझ्या माघारी वकिलांनी पाकीट फोडून सुचित्राला वाचून दाखवावे

वरचे वाक्य अर्धे सोडतो आहे. माघारी म्हणजे कधी? हेसुद्धा मी राखूनच ठेवायला निघालो होतो, वेळ आली की वापरायचे म्हणून. दारात उभ्या गाडीसारखेच, भरलेले आणि तोंड रस्त्याकडे.

म्हणून कलम ८ रद्द. त्याऐवजी असे: हा कागद मी स्वतः आज बराकपूरला नेऊन सुचित्राच्या हातात देईन आणि ती वाचीपर्यंत समोर उभा राहीन. तिने दार लावले तरी ते तिचे बरोबर असेल. कालिंदीचा फोटो मी बरोबर घेतला आहे. तो पुढच्या सीटवर तिच्या जागी राहील, आणि जाताना एस्प्लनेडवरून जाईन. दिवे लागलेले नसतील. तरी जाईन.

आज अविधवा नवमी आहे. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचे श्राद्ध आज करतात. इकडे आज विश्वकर्मापूजा, म्हणून गोपेश्वरचे गॅरेज बंद आणि त्याची हत्यारे पूजेत आहेत. मी त्याला विचारले, आज गाडी काढलेली चालेल का? तो म्हणाला, ‘‘माँजी को ले जाना है ना? तो फिर पूछते क्यों हैं?’’

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला, आणि तो खरा आहे.

(सही) शरच्चंद्र विश्वनाथ खांबेटे

ठिकाण: भवानीपूर, कलकत्ता
दिनांक: १७ सप्टेंबर १९५७

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:

१. श्यामकांत रामचंद्र दाभाडे. जॅक परत आणला आहे. वाटेत लागेल म्हणून गाडीत ठेवला.

२. गोपेश्वर कर्मकार, मिस्त्री (सही बंगालीत). यांच्या सांगण्यावरून दाभाडे यांनी लिहिले: रोटर बाबूंनी स्वतः बसवला, कुंकू न पुसता. गाडी पहिल्या हँडललाच सुरू झाली. बाबू अजून खाली बॉनेट धरून उभे आहेत, म्हणून निघायला थोडा उशीर होत आहे.