येळवशीच्या आदल्या दिवशीचं तेल

मुक्काम माकणी

आदरणीय महालिंगप्पा अण्णा, इवाईसाहेब, यांना शरणबसप्पाचा दोन्ही हात जोडून शरणार्थी. आपली कंबर आता बरी असेल, घाण्यावर करडईची आवक चांगली असेल आणि विहीणबाईंच्या अंगातली कणकण गेली असेल, अशी आशा करतो. (त्या धरणाच्या पाण्यात भिजल्या म्हणून कणकण आली, असं आपण मुरुम गावात सांगता, ते कानावर आलं. त्या पाण्यात भिजल्या नव्हत्या. त्यांच्या अंगावर आंबील सांडली होती. असो. कणकण कशानं का येईना, उतरलेली बरी.) इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत.

फोन सोडून पत्र का लिहिलं, असं आपल्याला वाटेल. अण्णा, आपल्याला फोन लावायचा म्हणजे आपलं ऐकायचं. लग्न ठरल्यापासून फोनवर माझं एक वाक्य पुरं झालेलं नाही. कागद मधी बोलत नाही, एवढीच त्याची थोरवी. आपल्या मेहुण्यांनी परवा बाजारात गाठून निरोप दिला, की शरणबसप्पानं भंगारातली मोटर लावून आमच्या पोराला धरणात बुडवायला काढलं होतं, त्याचा खुलासा करावा. तो करतो. आपण सगळा वेळ तिथं हजर होता हे खरं आहे. पण हजर असणं निराळं आणि बघणं निराळं, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

ती मोटर भंगारातली नाही. जुनी आहे. धरणावरचा मासेमारीचा ठेकेदार गाशा गुंडाळून गेला तेव्हा त्याची फायबरची होडी आणि ही फोर-स्ट्रोक मोटर मी घेतली, कारण माझं निम्मं रान बॅकवॉटरच्या पलीकडं आहे आणि सडकेनं वळसा घालून जायचं म्हणजे दिवस तिथंच मावळतो. (लिंगायताच्या दारात मासे वाहणारी होडी, म्हणून भावकीनं महिनाभर नाकाला पदर लावला. नंतर तेच लोक बसून पलीकडं जायला लागले, तेव्हा वास गेला.) ही मोटर कधी अडली नाही, कारण तिचं तेल वेळेवर बदललं जायचं. ते मी आणि शिवप्रिया बदलायचो. कॉलेजात असल्यापासून हे काम तिच्याकडं होतं. मी पाना धरायचा आणि तिनं मला रागवायचं, अशी आमची वाटणी होती. तोंडाची लई फटकळ पोरगी. मोटरीवरनं, पेरणीवरनं, मत कुणाला द्यायचं यावरनं माझ्याशी भांडायची. लग्नात मी रडलो ते घर मुकं होणार म्हणून.

येळवशीच्या अमावस्येच्या आदल्या दिवशी आपण, विहीणबाई, जावईबापू उत्कर्षराव आणि शिवप्रिया असे चौघं आलात. आम्हाला केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी होडीनं पलीकडं जायचं, रानात कडब्याच्या कोपीपुढं पूजा करायची आणि सगळ्या भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे हाणायचे, असा बेत होता. आपण चहा घेतला आणि पाण्याकडं फिरायला म्हणून निघालात. तिथं मोटरीशेजारी नव्या तेलाचा डबा दिसला आणि आपण विचारलं, हे काय. मी सांगितलं, तेल बदलायचं झालंय, येळवस झाल्यावर बघू. यात काय चुकीचं बोललो ते मला अजून कळलेलं नाही. पण आपण धोतराचा सोगा खोचला आणि म्हणालात, "तेलाचं मला सांगता व्हय? तीन पिढ्या तेलात गेल्या आमच्या!" मी पाना आणून दिला.

आधी इंजिन थोडं चालवून कोमट करावं लागतं, म्हणजे तेल पातळ होऊन सगळं उतरतं. आपण म्हणालात, आमच्या घाण्यावर गार तेलच चांगलं मानतात. बरं. तेल धरायला भांडं पाहिजे म्हणून आपण घरातनं परात मागवली. ती आमच्या सौ. महेश्वरीची उंड्याचं पीठ मळायची परात होती. (आमच्या घरात त्या परातीला देव्हाऱ्याखालोखाल मान आहे. महेश्वरी दारातनं बघत होती. तिनं डोळे मिटून घेतले.) मग आपण मोटर वर उचलून तिरपी केलीत, खाली वाकलात आणि पंख्याच्या अंगचा स्क्रू फिरवायला लागलात. तेव्हा शिवप्रिया म्हणाली, "मामा, तो गिअरच्या तेलाचा स्क्रू आहे. इंजिनचं वरच्या अंगाला आहे, झाकणाखाली." मऊ आवाजात म्हणाली. मला तर तो आवाज तिचा वाटलाच नाही, मी मागं वळून बघितलं कोण आलंय ते.

आपण मान वर न करता म्हणालात, "तुला कुणी विचारलं का? जा, चुलीकडं बघ." आणि जावईबापू हसले.

अण्णा, एवढंच झालं. आपल्याला ते आठवतही नसेल. ती चुलीकडं गेली.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे, तरी खुलासा मागितलाय म्हणून लिहितो. खालच्या स्क्रूतनं तेल आलं ते जरासंच आलं, कारण गिअरच्या पेटीत असतंच तेवढं. त्यावर आपण मला म्हणालात, "इवाई, तुम्ही मोटरीला उपाशी ठेवलंय." मग खालचा स्क्रू तसाच रिकाम्या पेटीवर आवळलात, वरचं झाकण काढलंत आणि इंजिनात जुनं तेल तसंच भरलेलं असताना नवा डबा त्यावर ओतलात. सगळा. तेलाची काडी बाहेर काढली तर तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर गेलेलं. मी भीतभीत म्हणालो, जास्त झालं वाटतं. आपण हसून म्हणालात, "तेल जास्त झाल्यानं कुणाचं वाईट झालंय आजवर?" वाक्य असं ठसक्यात होतं, की मलासुद्धा क्षणभर पटलं. खाली पेटी रिकामी आहे हे ठाऊक असून मी मोटरीचं झाकण लावून टाकलं. पाहुणा आणि त्यात मुलाचा बाप, त्याच्यापुढं मोटर ती काय!

सकाळी महेश्वरी पूजेचं सामान घेऊन चुलत्याच्या जीपमधनं सडकेनं पुढं गेली, कोपीत पांडवांचे पाच दगड मांडायचे होते. भज्जीचं पातेलं, उंडे आणि आंबिलीचा डेरा आमच्याबरोबर होडीत होता. विहीणबाईंना पाय लांब करता यावेत म्हणून आपण वल्ही काढून काठावर ठेवायला लावलीत. मी म्हणालो, असू द्या, अडीअडचणीला लागतात. आपण म्हणालात, मोटर असताना वल्ही म्हणजे बैलगाडीला मागनं माणसं लावल्यागत झालं. मग मोटरीचा दांडा आपण स्वतःच्या हातात घेतलात आणि मोटर एकदम भरधाव सोडलीत.

धूर असा निघाला की काठावरच्या बाया म्हणाल्या, होडीत चूल पेटवली की काय. झाकणाखालनं तेल पाझरायला लागलं. जावईबापू व्हिडिओ काढत होते. (तो मला अजून आलेला नाही. पाठवला तर खुलाशाचं काम हलकं झालं असतं.) निम्म्या पाण्यात आल्यावर खालनं जात्यात खडा सापडल्यागत आवाज यायला लागला. शिवप्रियानं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर आलेलं मला दिसत होतं: बंद करा. पण तिनं ते गिळलं आणि उंड्यांचं फडकं मांडीवर ओढून घेतलं. मी ओरडलो, अण्णा, बंद करा! आपण म्हणालात, नवं तेल हाय, रुळतंय. मग मोठा कट्‌ असा आवाज झाला, होडी हिसका खाऊन थांबली, डेरा कलंडला आणि आंबील विहीणबाईंच्या मांडीवर गेली. इंजिन जरा वेळ जोरात गर्जलं, पण पंखा फिरेना. मग तेही विझलं आणि अशी शांतता झाली की पाणकावळे ऐकू यायला लागले.

आम्ही तिथं तरंगत राहिलो. वाऱ्यानं होडी बुडालेल्या बाभळींत जाऊन अडकली. पलीकडच्या काठावर महेश्वरी दिसत होती. ती हात हलवत होती. आम्ही मदतीला म्हणून हात हलवले, तिला वाटलं मजेत आहेत, तिनं आणखी हलवले. एरवी या गोष्टीवर मी वर्षभर हसलो असतो.

पण तेवढ्यात आपण म्हणालात, "कालच हिच्या तोंडातनं वाईट निघालं. हिचं तोंडच असलं." विहीणबाई आंबील झटकत म्हणाल्या, "घरी तरी दुसरं काय असतंय? कायबी कराय घेतलं की ही मधी टोकणार. आता बरीच सुधारली." आणि जावईबापू बाभळीच्या काट्यांतनं शर्ट सोडवत बसले.

सुधारली. अण्णा, मी माझ्या पोरीकडं बघत होतो. मला वाटलं आता ती उठंल, गिअर म्हणजे काय, पेटी म्हणजे काय, आपल्याला बोट धरून शिकवंल, होडी हलवून सोडंल. ती मांडीवरचे उंडे फडक्यात नीट बांधत बसली. गाठ बांधायची, सोडायची, परत बांधायची. दोन वर्षांत आपण तिला काय शिकवलं ते मला त्या गाठीत दिसलं.

ट्यूबवर बसून जाळं टाकणारा दगडोबा आला, त्यानं काठावरनं वल्ही आणून दिली, मग मी आणि शिवप्रियानं होडी वल्हवत परत आणली. सगळ्या वाटेनं आपण दगडोबाला मोटरी कशा नीट ठेवाव्यात ते सांगत होता. काठाला लागल्यावर आपण न जेवता गाडीत बसलात. जाताना म्हणालात, "हिला राहू द्या महिनाभर. अक्कल शिकवून पाठवा." महेश्वरी पलीकडं पांडवांपुढं एकटीच बसली होती. येळवशीला आमच्या रानात पहिल्यांदाच नैवेद्य पोचला नाही.

एवढा खुलासा. थोरामोठ्यांपुढं काही जास्त बोललो असेन तर मोठ्या मनानं पदरात घ्यावं. विहीणबाईंना शरणार्थी सांगावा.

आपला,
शरणबसप्पा

ता. क. मोटरीच्या गिअरचे दात गेले. त्याबद्दल आपल्याकडं काही मागणं नाही. परात महेश्वरीनं सोड्यानं, राखेनं, चिंचेनं घासली, तरी वास जाईना, म्हणून ती आता गोठ्यात आहे.

आणखी एक. अक्कल शिकवण्याचं आमच्यानं झालं नाही. म्हणून संक्रांतीला गाडी पाठवू नये. न्यायचंच असेल तर उत्कर्षरावांनी एकट्यानं यावं, तिच्यासमोर बसावं आणि ती जे विचारेल त्याचं उत्तर आपल्याला फोन न लावता स्वतः द्यावं. नंतर जायचं की राहायचं, ते ती सांगेल. ती राहिली तर घर तिचंच आहे.

शेवटचं. पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र शिवप्रियाला वाचायला दिलं. तिनं सगळं वाचलं आणि म्हणाली, "अप्पा, तेलाचं एवढं कशाला लिवलंत? त्यांना वाटंल, तुम्हाला मोटरीचाच राग आलाय." नवं लिहायला कागद शिल्लक नाही, म्हणून इथंच लिहितो. मोटरीचा नाही.