व्याह्यांना हरवायचं पुस्तक

९ ऑगस्ट २०००
गडहिंग्लजला जाऊन आलो. लेकीच्या, वैजूच्या सासऱ्यांनी, बसाप्पांनी, बॅकगॅमनमध्ये पुन्हा धुतलं. बसाप्पा मस्कतला नोकरीला असताना हा खेळ शिकून आले. दिसायला आपल्या सारीपाटाचाच भाऊ. मी हरलो की नशिबाला बोल लावतो. ते हसतात. "पावणं, नशीब रोज माज्याच घरी कसं जेवतंय?" डोक्यात गेलं. एकदा तरी हरवणारच.

१७ ऑगस्ट
वाचनालय. बाईंनी 'बॅक' एवढंच ऐकलं आणि पाठदुखीवरच्या व्यायामाचं पुस्तक हातात ठेवलं. तेच घेऊन आलो, हिच्या कंबरेला होईल. बुद्धिबळाची पुस्तकं ढीगभर. ह्याचं एकही नाही.

४ ऑक्टो.
ऑफिसच्या कामाला पुण्यात. फुटपाथवर जुन्या पुस्तकांत सापडलं! इंग्रजी, कव्हर गायब. एसटीत पहिलंच प्रकरण वाचलं. मी सोंगट्या एकेकट्या सोडत होतो, त्या मार खात होत्या. जोडीनं ठेवायच्या, घरं धरायची. नशीब कसलं, अक्कल कमी. सातारा कधी गेलं...

२१ जाने. २००१
राजारामपुरीत सायबर कॅफे निघालाय. चालवणाऱ्या बाईंनी खेळ उतरवून दिला. कॉम्प्युटरशी खेळायचं, चुकलं की तिथल्या तिथं दाखवतो. हसत नाही हे मोठं. मात्र पुस्तक आधी वाचलं नसतं तर त्याचं बोलणं कळलं नसतं.

११ मार्च
आज कॉम्प्युटरला हरवलं! हिला म्हटलं, आता व्याह्यांची खैर नाही. लाटणं थांबलं.
"खूळ लागलंय काय तुमास्नी? मुलीकडचं हाय आपण. पोरगी नांदतीय तिथं."
"अगं, खेळ आहे."
"तुमचा खेळ हुतोय, पोरीला ऐकून घ्यावं लागतंय."


८ एप्रिल
गडहिंग्लज. हरलो. मुद्दाम. हातात आलेला डाव एक सोंगटी उघडी टाकून घालवला. जिवावर आलं. हरावं कसं हे कुठल्याच पुस्तकात नाही. बसाप्पा चहा अर्धा टाकून आपल्या दुकानात गेले.

१० एप्रिल
वैजूचा फोन. "पप्पा, मामंजी लई चिडल्यात. म्हणत्यात, पावण्यांनी मला भीक घातली."
शेवटी तिलाच ऐकून घ्यावं लागलं. खरं खेळावं तर त्यांचा मान जातो, खोटं खेळावं तरी तेच. हिला सांगितलं.  मला फार वाईट वाटतंय.

२२ एप्रिल
सकाळीच बसाप्पा दारात. न कळवता, बगलेत पट. "पावणं, मुलीचा बाप म्हणून बसणार असला तर मी असाच माघारी जातो."
मी हिच्याकडं पाहिलं. ही म्हणाली, "बघताय काय? खेळा की!"
खेळलो. खरं खेळलो. दोघांनाही घाम. डाव मधोमध असताना जेवणाची वेळ झाली. पट तसाच ठेवला. जेवून ते आडवे झालेत, मी हे लिहितोय. पुढचं दान माझं.
ही आत्ताच येऊन पटापाशी उभी राहिली. आत बसाप्पांचं घोरणं चालू आहे ना ते ऐकलं, मग अगदी हळू आवाजात,
"तुमीच जिंकताय न्हवं?"