वहिनीची वर्षं

४ जानेवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, आता काम थांबवावं म्हणतो. लोखंडी कपाटांवर रंगाचे फवारे मारून मीच आतून हिरवा झालो असेन. ठेवी, फंड, जे काही साठवलं ते सोबत लिहिलं आहे. जन्मभर बँकेत लोकांचे पैसे मोजलेस, आता भावाचे मोज आणि पुरतील का ते सांग. मी काही शंभरी गाठत नाही. वडिलांसारखा पंचाहत्तरीला गाशा गुंडाळेन, तेवढंच धर. मूलबाळ नाही, मागे ठेवायचं कुणासाठी?

लोभ आहेच, त्यावर व्याज मागू नकोस.

तुझा दादा

१५ जानेवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मरणाचं वर्ष धरताना हात चालेना, तरी धरलं. व्याजासकट मांडलं तर तेवढ्यापुरतं कसंबसं भागतं. पण शहाण्या, वहिनी तुझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे. तू गेल्यावर तिने काय तुझा फोटो खायचा? घरभाडं तर सुटत नाही. आणखी चार वर्षं तरी तुला काढावी लागतील. मीच दिले असते रे, पण यांच्या आजारपणात माझी गंगाजळी आटली, हे तू जाणतोस.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी चिमणी

२ मार्च

प्रिय वन्संना स. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं आणि हे मुकाट कामावर जात राहिले. तुझा विचारच केला नाही गं मी, असं म्हणाले आणि रडले. जिना चढताना मधल्या वळणावर बसतात, बुटाची नाडी बांधल्याचं नाटक करतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फवाऱ्याजवळ हे वर्षभरही टिकणार नाहीत, सोडलं तर काही वर्षं मिळतील. मी दोन-तीन ठिकाणी काम विचारून आले, या वयात कुणी उभं करत नाही.

तेव्हा माझी वर्षं वगळा आणि दोघांना पुरतात म्हणून यांना कळवा. तुमच्यावरच ते विश्वास ठेवतील. नंतर माझं मी बघेन. कसं ते विचारू नका.

एवढा लोभ माझ्यासाठी करा.

तुमची वहिनी

९ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

माझी चूक झाली. व्याज धरायचंच राहून गेलं होतं. पुन्हा मांडलं, दोघांना शेवटपर्यंत पुरतात. उद्याच राजीनामा दे.

तुझी वेंधळी चिमणी

२० मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

काल काम सोडलं. व्याज तू पहिल्या पत्रातच धरलं होतंस, ते पत्र माझ्याजवळ आहे. तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस, आणि तुझ्या वहिनीला काही उरणार नाही, हे मला कळलं आहे. तरी सोडलं. श्वास पुरत नाही गं, त्या खोलीत परत जायची माझी हिंमत नाही. मला लाज वाटते.

बातमी ऐकून तिने चहा टाकला. आता घोर मिटला म्हणाली आणि किती तरी दिवसांनी हसली. तिला खरं कळू देऊ नकोस.

जमलं तर लोभ ठेव.

तुझा दादा