घाटी चढणारं इंजिन

मुलुंड (पूर्व)
शनिवार

तीर्थस्वरूप चंद्रप्रकाश भावोजींना,
नीलाचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. लावणी आटोपली असेल, सुगंधाताईंची कंबर आता बरी असेल, गाय वेळेवर पान्हा सोडत असेल, अशी आशा करते. इकडे आईंचा रक्तदाब ठीक, साखर ठीक, गुडघे होते तसेच. माझा रक्तदाब ठीक नाही आणि त्याला कारण तुम्ही आहात. मोठ्या दिरांना असं लिहू नये हे मला माहेरी शिकवलंय आणि सासरीही. पण शिकवणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात दिवाळीपासून इंजिन नांदत नव्हतं. फोन न करता पत्र का लिहिते आहे, तर फोनवर मी हॅलो म्हटलं की तुम्ही ‘श्यामकडे दे’ म्हणता. पत्र मध्येच श्यामकडे देता येत नाही. ते तुम्हाला शेवटपर्यंत वाचावं लागेल (आणि तुम्ही वाचाल, कारण चष्मा लावून पुडीचा कागदसुद्धा वाचणारे तुम्ही).

आधी मूळ मुद्दा, कारण तोच सगळे विसरलेत. आईंना यंदा चवथीला घरी न्यायचं आहे. बस्स. गेल्या वर्षी डांबरी जिथे संपते तिथे आम्ही उतरलो, आई घरापर्यंतची उभी घाटी चढायला लागल्या, निम्म्यावर कातळावर बसल्या आणि मग त्यांना वर जाता येईना. शेवटी धरून धरून परत खाली आणलं, आणि गणपती असेपर्यंत त्या रस्त्यालगतच्या विमलाबाईंच्या पडवीत राहिल्या, स्वतःच्या घरातली आरती खालून ऐकत. टाळ्या वाजवत होत्या. मी बघितलंय ते, तुम्ही दोघांनी नाही, तुम्ही वर झांजा वाजवत होता. तेव्हाच मी ठरवलं की घाटी चढणारी गाडी घ्यायची, चारही चाकांना जोर असलेली, जी थेट घरापुढच्या खळ्यात जाऊन उभी राहील. पैशाचं मी आणि ऋताने बघितलं (तुमची पुतणी आता कमावते, हे तुम्हाला प्रत्येक वेळी नव्याने सांगावं लागतं). एका शनिवारी शोरूममध्ये जाऊन सही करायची, एवढंच काम उरलं होतं.

आणि दिवाळीत तुमचा फोन आला. डिझेलच घे, पेट्रोल म्हणजे बायकांची गाडी, आपली घाटी चढायची नाही. एवढं बोलून तुम्ही फराळाला बसलात. इकडे तुमच्या बंधूंच्या हातातली करंजी हातातच राहिली. तोपर्यंत त्यांना गाडीचा रंग निळा हवा की राखाडी एवढीच चिंता होती.

आता भावोजी, एक गोष्ट तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि आरटीओला माहीत आहे. तुमच्या बंधूंना गाडी चालवता येत नाही. शिकाऊ लायसन्स त्यांनी तीनदा काढलं आणि तिन्ही वेळा पक्कं होण्याआधी त्याची मुदत संपली. गाडी मी चालवते. आईंना घाटकोपरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी नेते, आणि हे शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत राहतात (आमच्या गाडीत त्यांच्या बाजूचं पायपुसणं फाटलंय, माझ्या बाजूचं अजून नवंकोरं आहे). असा माणूस आठ-नऊ महिने इंजिन निवडतो आहे, आणि जी बाई ते इंजिन घाटीवर चढवणार तिला कोणी विचारलं असेल तर शपथ. ऋताने एकदा बोलून बघितलं, ‘बाबा, आधी लायसन्स काढ ना यार!’ तिच्याशी त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता.

त्या दिवसापासून घरात इंजिनाचं पारायण चालू आहे. सकाळी चहाबरोबर मोबाइलमधून एक तरुण ओरडतो की खरा जोर डिझेलचा, चढणीला त्याला तोड नाही. दुपारी जेवताना दुसरा ओरडतो की पेट्रोल हलकं, शांत आणि घ्यायलाही स्वस्त. तुमचे बंधू दोघांनाही मान डोलावतात. इस्त्रीवाल्याला विचारून झालं. न्हाव्याला विचारून झालं. आईंच्या हाडांच्या डॉक्टरला विचारलं, तर त्याने एक्स-रे बाजूला ठेवून अर्धा तास टर्बोबद्दल सांगितलं आणि फी मात्र गुडघ्यांची घेतली. शेवटी सी विंगमधला किरण (त्याच्याकडे डिझेल आहे, म्हणजे निदान एक माणूस अनुभवाने बोलणारा) मला जिन्यात गाठून म्हणाला, ‘काकी, मुंबईत वापरायला डिझेल घेऊ नका, वाट लागते.’ त्याचं म्हणणं असं, की नव्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी एक जाळी असते. गाडी रोज थोडी थोडी, गर्दीत रखडत चालवली की ती जाळी तुंबते, समोर दिवा लागतो, आणि मग ती मोकळी करायला गाडी हायवेवर एकसारख्या वेगाने पळवून आणावी लागते. मी शोरूममधल्या सौरभला हे खरं का म्हणून विचारलं. हो मॅडम, म्हणाला, आठवड्यातून एकदा अर्धा तास साठच्या वर ठेवायची, सिंपल. मी त्याला विचारलं की मुलुंड चेकनाक्यापासून घाटकोपरपर्यंत, ऑफिसच्या वेळेला, साठच्या वर गेलेली शेवटची गाडी कोणाची? तो हसला. मला हसू आलं नाही. म्हणजे आधी सासू, मग नवरा, आणि आता दर आठवड्याला या जाळीलाही मीच हवा खायला न्यायचं! पण मी ‘मग पेट्रोल’ म्हटलं की बंधूंना तुमचं दिवाळीचं वाक्य आठवायचं, तोंड उतरायचं आणि पारायण पुन्हा पहिल्या अध्यायापासून.

मग मढचा प्रकार झाला. शोरूमवाल्यांनी गिऱ्हाइकांसाठी मढला एका मोकळ्या जागेत चिखल, खड्डे आणि मातीचा उभा चढ असा आखाडा केला होता, आणि दोन्ही इंजिनांच्या गाड्या आणून ठेवल्या होत्या. (मुलुंडहून मढला पोचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी पेणला जाऊन पोह्याचे पापड घेऊन परत निघाले असते.) सौरभने किल्ली मोठ्या अदबीने तुमच्या बंधूंच्या हातात ठेवली आणि मला विचारलं, ‘मॅडम, तुम्हाला कलर कुठला आवडला?’ मी किल्ली काढून घेतली. त्याने एकदा बंधूंकडे बघितलं, बंधूंनी आकाशाकडे बघितलं आणि निमूट मागे जाऊन बसले. चारही चाकं जोडणारी दांडी असते, ती ओढून मी गाडी सरळ त्या चढावर घातली. गाडी मुंगीसारखी शांतपणे वर गेली. मागे तुमचे बंधू डोळे मिटून, वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून म्हणत होते, ‘बघितलंस? हा डिझेलचा ओढा! मी सांगत नव्हतो?’ सौरभ अगदी हळू म्हणाला, सर, ही पेट्रोल आहे. गाडी वर पोचली, खाली उतरली, तेव्हा कुठे मागचे डोळे उघडले. शेवटी बंधू म्हणाले की याचा अर्थ आता पेट्रोलमध्येही डिझेलचे गुण आलेत. मग मी दुसरी गाडी नेली, तीही तशीच वर गेली. सौरभने हेही सांगितलं की उभ्या चढणीसाठी जो खालचा गिअर असतो त्यात दोन्ही इंजिनं आपल्या घाटीसारख्या दोन घाट्या चढतील.

विषय त्याच दिवशी संपायला हवा होता. पण चिखलाचे बूट काढायच्या आत बंधूंनी तुम्हाला फोन लावला. आणि इथे माझं डोकं खरं फिरलं. वाटणी झाल्यापासून दिवाळीच्या त्या फोनपर्यंत तुम्ही दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हता. एका मूर्तीसमोर शेजारी उभे राहून निरोप माझ्यामार्फत पाठवायचात, त्याला विचार कापूर कुठे ठेवलाय म्हणून, आणि कापूर तुमच्याच खिशात निघायचा. आणि आता रोज तासभर बोलणं! मायलेज काय, गिअर काय, डिझेल बंद होणार की नाही काय. सुरुवातीला मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आई तर आतल्या खोलीतला पंखा बंद करून ऐकत बसायच्या, दोन लेक बोलतायत म्हणून. पण आता चवथ तोंडावर आली. आई दर दोन दिवसांनी पिशवी भरतात, जरीचं लुगडं तळाशी घालतात, औषधं वर ठेवतात आणि मला विचारतात, ‘ठरला काय गो?’ मी काय सांगू? की तुमचे दोन्ही लेक साठी ओलांडूनही खेळण्यातल्या गाडीसारखे भांडतायत, आणि तुम्ही यंदाही आरती खालून ऐका? मला तुमचा भयंकर राग आला आहे. त्यांचाही आला आहे, पण ते समोर असल्यामुळे त्यांना वेळच्या वेळी मिळतो. तुमचा साठून राहिला होता.

चुकीचं काही लिहिलं असेल तर दाखवून द्या, मी क्षमा मागेन. मला सापडलेलं नाही. सुगंधाताईंना नमस्कार, आणि हे पत्र त्यांना जरूर दाखवा.

तुमची (आजवर आज्ञाधारक) भावजय,
नीला

ता. क. गाडी मी काल बुक केली. पेट्रोल. माझ्या नावावर. बायकांची गाडी बाईने घेतली, आता कोणाची काही तक्रार नसावी. सगळं वर्ष मुलुंडात रखडायचं आणि आठवडाभर घाटी चढायची, त्याला एवढा विचार पुरे. चवथीच्या आधी गाडी हातात मिळेल असं सौरभने कबूल केलंय. तुमच्या बंधूंना अजून बोललेले नाही. आत्ता ते खाली उभे राहून किरणला, त्याच्याच गाडीला टेकून, डिझेलचे फायदे सांगतायत. चार दिवस आनंदात जाऊ देत. तुम्हीही सांगू नका.

ता. ता. क. खरं काम हे. बुक करण्याआधी मी शोरूममध्ये गाडीची रुंदी मोजली. (सौरभ म्हणाला, इंजिनाचं सगळे विचारतात, हे पहिल्यांदाच कोणी मोजतंय.) घरी येऊन बंधूंना विचारलं की घाटीच्या वरच्या टोकाला, खळ्यात शिरताना, वाट किती रुंद आहे? त्यांच्या हातातला पेपर तोंडासमोर वर गेला आणि पेपरामागून आवाज आला, ‘आधी इंजिनाचं तर ठरू दे.’ तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वाटणीनंतर तुम्ही खळ्याच्या कडेने चिऱ्याच्या दगडांचा गडगा घातलात आणि जी फट ठेवलीत तिच्यातून माणूस जातो, गाय जाते, गाडी जात नाही. हे तुम्हाला दिवाळीपासून माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. इंजिन ठरलं की गडग्याचं बोलावं लागणार, म्हणून तुम्ही दोघांनी मिळून इंजिन ठरूच दिलं नाहीत! एवढी एकी वाटणीच्या वेळी दाखवली असतीत तर गडगा लागलाच नसता. तर विनंती अशी, की चवथीच्या आधी गडगा फणसाच्या बाजूने पाडून घ्या. किती पाडायचा, ते मोजायला पाकिटात सुतळी ठेवली आहे. गाडीच्या रुंदीची आहे, दोन्हीकडे वीत-वीत जास्त धरून कापली आहे. तिला गाठ मारून आखूड करू नका, दुसरी माझ्याकडे आहे.

आणखी एक. पत्र मी आईंना वाचून दाखवलं. ‘मोठो आसा, इतक्या लिहू नको,’ म्हणाल्या. मी एक अक्षर काढलं नाही. मग त्यांनी स्वतःचा निरोप घालायला लावला, तो शब्द न बदलता देते: ‘चंदूक लिही, गडगो ठेवचो तर ठेव. पण एक दिवस माका नेवक चौघे येतले, तेंका तरी ती वाट पुरतली काय, ता त्याच सुतळीन मोजून घे.’ मी म्हटलं, असलं अभद्र मी लिहिणार नाही. त्यांनी चष्मा मागून घेतला आणि मी ओळ पुरी करेपर्यंत शेजारून उठल्या नाहीत.